हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो धुरकट येतात: दोष काचेचा, हवेचा की कॅमेऱ्याचा?

डिसेंबर लागला की नांदूरमध्यमेश्वर, भिगवण किंवा जायकवाडीहून परतलेल्या पक्षी-छायाचित्रकारांकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. मार्चच्या उन्हात ज्या लेन्सने खंड्याच्या गळ्यावरचे पीस न् पीस टिपले, तीच लेन्स हिवाळ्यातल्या ओल्या पहाटे पट्टकदंबांचा थवा दुधात बुडवून काढल्यासारखा दाखवते, फोकस पुढे-मागे भटकत राहतो आणि घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर पक्ष्याच्या डोळ्यातला ठिपकासुद्धा स्पष्ट नसतो. मग लेन्स तपासणीला जाते, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि पुढच्या धुक्यात पुन्हा तेच घडते.

या तक्रारीचे मूळ असे की धूसरपणा हे केवळ लक्षण आहे. त्याच्यामागे निदान चार निरनिराळी कारणे असू शकतात: काचेवर धरलेली वाफ, पक्षी आणि लेन्स यांच्यामधले धुके, गरम-थंड हवेची थरथर आणि शेवटी फोकस किंवा शटर यांची नेहमीची चूक. पडद्यावर ही चारही कारणे जवळजवळ सारखीच दिसतात, परंतु त्यांच्यावरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि पहिल्या व तिसऱ्या कारणाचे उपाय तर थेट एकमेकांच्या विरुद्ध आहेत. काचेवरची वाफ घालवायला लेन्स कोमट ठेवावी लागते, तर थरथर टाळायला ती बाहेरच्या हवेइतकी थंड व्हावी लागते. म्हणूनच कोणीतरी सांगितलेला उपाय एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याचा दिवस वाया घालवतो.

येथे नांदूरमध्यमेश्वर उदाहरणादाखल घेतले आहे, कारण ही सगळी कारणे तिथे एकाच सकाळी भेटू शकतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली ही उथळ पाणथळ जागा जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. ती निफाड तालुक्यात आहे, आणि निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत दर हिवाळ्यात झळकत असतो. उथळ पाणी, भोवताली बागायती शेतांतला ओलावा आणि निरभ्र आकाशाखालची थंड रात्र यांमुळे पहाटे दव आणि धुके भरपूर पडते. त्यात कडाक्याच्या थंडीत द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, तो धूर खालच्या थंड हवेत कोंडून राहतो आणि धुक्यात मिसळतो. पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी हवामान-प्रणालीमुळे) ढग आले किंवा २०१७ च्या डिसेंबरातल्या ओखीसारखे एखादे चक्रीवादळ अरबी समुद्रातून किनाऱ्याकडे वळले, तर अवकाळी पावसाची भर पडते. द्राक्षवाल्यांच्या नुकसानीपुढे आपली तक्रार अगदीच किरकोळ आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आधी कारण ओळखा

ही तपासणी मनोऱ्यावर किंवा बांधावर उभ्या उभ्या दोन-तीन मिनिटांत होते आणि तिला कोणतेही साधन लागत नाही. प्रथम आपल्यापासून आठ-दहा मीटरवरची एखादी स्थिर वस्तू शोधावी. पाणकणसाचे बोंड, कुंपणाची तार किंवा माहितीफलकावरची अक्षरे चालतील. तिचा फोटो घ्यावा आणि मागच्या पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहावा. जवळची वस्तूदेखील दुधाळ दिसत असेल, तिच्या उजळ कडांभोवती प्रभा पसरली असेल आणि काळ्या जागा राखाडी झाल्या असतील, तर दोष काचेवर आहे. जवळची वस्तू लख्ख आणि दूरचा पक्षी फिकट असेल, तर मधल्या हवेत धुके किंवा धूर आहे.

दूरचा पक्षी फिकट नसून केवळ अस्पष्ट असेल, म्हणजे रंग ठीक पण कडा विस्कटलेल्या असतील, तर दूरच्या एखाद्या स्थिर वस्तूचे, समजा पाण्यातल्या खुंटाचे, सलग दहा-पंधरा फोटो घ्यावेत. एकाच फोकसवर घेतलेल्या या फोटोंमध्ये काही बरे, काही वाईट, काहींत खुंट किंचित वाकडा असे दिसले, तर ती हवेची थरथर आहे. सगळे फोटो सारखेच अस्पष्ट असतील आणि खुंटाच्या पुढचे किंवा मागचे गवत मात्र स्पष्ट आले असेल, तर फोकस चुकला आहे. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर शटर संथ पडला आहे.

एक गंमत मात्र आधीच सांगून ठेवावी लागते. लेन्सवर वाफ आली म्हणून पुसापुशी करणाऱ्या अनेकांची लेन्स कोरडीच असते. वाफ असते ती व्ह्यूफाइंडरच्या काचेवर, स्वतःच्याच श्वासाची. घेतलेला फोटो मागच्या पडद्यावर स्वच्छ दिसत असेल, तर लेन्सला हात लावण्याचे कारणच नाही.

काचेवर वाफ का धरते

हवेत जितके बाष्प असेल, त्यानुसार तिचा दवबिंदू ठरतो, आणि त्या तापमानाच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमते. हवा १० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे साडेआठ अंश येतो. याचा अर्थ लेन्सची पुढची काच हवेपेक्षा केवळ दीड-दोन अंशांनी थंड झाली तरी तिच्यावर पाणी धरणार. कोरड्या हवेत एवढा फरक लक्षातही येत नाही, म्हणून हा दोष ओल्या हिवाळ्यातच डोके वर काढतो.

काच हवेपेक्षा थंड होण्याचे प्रसंग मुख्यतः तीन. पहिला रात्रीच्या आणि पहाटेच्या उघड्या आकाशाचा. निरभ्र आकाशाकडे तोंड असलेला पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. गाडीच्या टपावर दव पडते ते यामुळेच. ट्रायपॉडवर आकाशाकडे रोखून ठेवलेल्या मोठ्या लेन्सच्या बाबतीत नेमके हेच होते. उपाय सोपा आहे: हूड (लेन्सच्या तोंडाभोवतीची आडोशाची नळी) कायम लावलेले असावे, वापर नसताना लेन्सचे तोंड जमिनीकडे झुकवावे आणि वरून एखादा सुती पंचा टाकावा. पंचामुळे लेन्स गरम होत नाही, पण आकाशापासून आडोसा मिळतो आणि बहुतेक दव पंचावरच पडते.

दुसरा प्रसंग सूर्य वर आल्यानंतरचा आहे, आणि तो नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो, कारण थंडी कमी होत असताना वाफ येईल अशी कोणाची अपेक्षा नसते. ऊन पडले की गवतावरचे दव आणि चिखलातले पाणी वाफ होऊन हवेत जाते आणि हवेचा दवबिंदू झपाट्याने वर सरकतो. दोन-तीन किलो वजनाची टेलिफोटो लेन्स मात्र पहाटेच्या थंडीत मुरलेली असते, आणि एवढी काच व धातू गरम व्हायला वेळ लागतो. त्यामुळे साडेसहाला कोरडी असलेली काच आठच्या सुमारास एकाएकी धुरकट होते. अशा वेळी काच पुन्हा पुन्हा पुसण्यात अर्थ नसतो, कारण काचेचे तापमान जोपर्यंत दवबिंदूच्या खाली आहे तोपर्यंत वाफ पुन्हा येतच राहणार. लेन्सची नळी उन्हाकडे आडवी धरून, पुढची काच सावलीत ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबणे हे पुसण्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे.

तिसरा प्रसंग थंड साहित्य उबदार ठिकाणी आणण्याचा. हिवाळ्यातली सामान्य खोली घेतली, २२ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेची, तर तिचा दवबिंदू साडेबारा अंशांच्या आसपास असतो. आठ अंशांवरची लेन्स तिथे उघडी ठेवली की क्षणात पांढरी पडते, आणि पाणी केवळ पुढच्या काचेवर नव्हे तर माऊंटवर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावर), बटणांच्या फटींत आणि संधी मिळाली तर आतही जाते. चहाच्या टपरीत, वाफाळत्या भांड्यांशेजारी कॅमेरा गळ्यात अडकवून उभे राहणे हा याचाच छोटा प्रकार आहे. खोलीत शिरण्याआधी बाहेरच साहित्य कोरडे पुसावे, सिलिका जेलच्या पुड्यांसह बॅगेत बंद करावे आणि आत आल्यावर बॅगेची चेन निदान तास-दीड तास उघडू नये. फोटो पाहण्याची घाई असेल तर मेमरी कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून खिशात ठेवावी. हा एक नियम पाळला तरी वर्षभराच्या अर्ध्या तक्रारी मिटतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना पहाटेपासून एका जागी बसून राहायचे असते, उदाहरणार्थ लपणीत (पक्ष्यांना दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात), त्यांच्यासाठी पट्ट्याच्या आकाराचा यूएसबी ड्यू हीटर सर्वांत खात्रीचा. आकाशनिरीक्षण करणारे लोक तो दुर्बिणीला गुंडाळतात. पॉवर बँकेवर चालतो आणि पुढच्या काचेच्या कडेभोवती बांधला की काच हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार राहते. त्याला ‘कमी’ या पायरीवरच ठेवावे. का ते पुढे थरथरीच्या भागात येईल. हीटर नसेल तर हात शेकण्याच्या रासायनिक पुड्या रबर बँडने हूडच्या मुळाशी बांधता येतात.

पुढे लावलेला यूव्ही फिल्टर अशा दिवशी काढून ठेवावा. त्याने काचेचे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात, आणि फिल्टर व लेन्स यांच्यामध्ये ओलसर हवा अडकली की तिथली वाफ बाहेरून पुसताही येत नाही. पुसायचेच झाल्यास आधी फुंकणीने थेंब उडवावेत, मग कोरड्या मायक्रोफायबरने टिपावे. घासू नये, आणि सदऱ्याचे टोक तर मुळीच वापरू नये. एकदा भिजलेले मायक्रोफायबर पाणी शोषत नाही, फक्त पसरवते, म्हणून चार-पाच कापडे वेगवेगळ्या खिशांत ठेवणे इष्ट.

दुर्बीण आणि मफलर

ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही त्यांचाही या दोषापासून बचाव नाही. नायट्रोजन भरलेल्या, ‘फॉगप्रूफ’ लिहिलेल्या दुर्बिणीवर वाफ आली म्हणून ती सदोष समजली जाते, पण ‘फॉगप्रूफ’ म्हणजे आतल्या काचांवर वाफ धरणार नाही एवढेच. बाहेरच्या काचा इतर कोणत्याही काचेप्रमाणेच वागतात. वाफ बोटाने किंवा कापडाने पुसली जात असेल तर दुर्बीण निर्दोष आहे. पुसूनही आत धुरकट डाग राहत असेल तर सील गेले आहे आणि दुरुस्तीवाचून इलाज नाही.

नेत्रकाचेवरची वाफ मात्र बहुधा आपल्याच नाकातोंडाची असते. मफलर नाकावरून घट्ट गुंडाळला की श्वास खाली किंवा पुढे न जाता गालांवरून वर सरकतो आणि थेट नेत्रकाचेवर आदळतो. चष्मा असेल तर आधी चष्म्यावर आणि मग दुर्बिणीवर. मफलर हनुवटीखाली उतरवावा, कानटोपीने कान झाकावेत आणि नाक उघडे राहू द्यावे. दुर्बिणीच्या रबरी कडा पूर्ण बाहेर काढून डोळ्यांवर दाबल्यास डोळ्यांची उबदार ओलसर हवा आत कोंडते, तेव्हा त्या एक टप्पा आत घ्याव्यात आणि दुर्बीण चेहऱ्यापासून किंचित सुटी धरावी. श्वास बाहेर सोडताना दुर्बीण खाली घेण्याची सवय दोन सकाळींत लागते.

थरथर: सर्वांत कमी ओळखला जाणारा दोष

धुके विरले, ऊन पडले, काच कोरडी आहे, शटर १/२००० सेकंद आहे आणि तरीही चक्रवाकांची जोडी अस्पष्ट येते, तेव्हा बहुतेक जण लेन्सच्या फोकस-जुळणीवर संशय घेतात. खरे कारण पाण्यावरच्या हवेत असते. हिवाळ्याच्या पहाटे जलाशयाचे पाणी वरच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. पाण्याला टेकलेली हवा गरम होऊन वर येते, थंड हवा खाली जाते, आणि वेगवेगळ्या घनतेच्या या हवेतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलात ऊन पडल्यावर हे अधिकच वाढते. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून दीडशे मीटरवरचा पक्षी पाहताना मधली संपूर्ण हवा आपण मोठी करून पाहत असतो, हे विसरता कामा नये. यावर कोणताही सेटिंगचा उपाय नाही. अंतर कमी करणे, पाण्याला अगदी समांतर नजर न ठेवता मनोऱ्यासारख्या थोड्या उंच जागेवरून पाहणे, आणि भरपूर फोटो घेऊन त्यातले थरथर क्षणभर थांबलेले निवडणे, एवढेच हाती असते. ढगाळ दिवशी ही थरथर पुष्कळ कमी होते, म्हणून अवकाळीच्या आदल्या-नंतरच्या दिवसांना नाके मुरडण्याचे कारण नाही.

थरथरीचा दुसरा उगम आपल्या हातातच असतो. गाडीतला हीटर चालू ठेवून काच खाली केली आणि खिडकीवर बीन बॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) टाकून फोटो घेतला, तर आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना नेमकी लेन्ससमोरून वाहते. उबदार गाडीतून किंवा खोलीतून काढलेली लेन्स थंडीत नेली की हूडच्या आतली हवाही अशीच उकळत्यासारखी हलते. अशा लेन्सवर वाफ धरत नाही, म्हणून मालक खूश असतो, परंतु पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतले फोटो सगळे अस्पष्ट निघतात. ड्यू हीटर जास्त तापवल्यासही हेच होते. म्हणून गाडीतून फोटो घ्यायचे असतील तर ठिकाण येण्याच्या बऱ्याच आधी हीटर बंद करावा, सगळ्या काचा थोड्या खाली कराव्यात आणि लेन्सला बाहेरच्या हवेशी जुळवून घेऊ द्यावे. लेन्स हवेइतकी थंड चालते, हवेपेक्षा थंड चालत नाही. जाता जाता, बीन बॅगेत राजमा भरण्याची आपल्याकडची पद्धत ओल्या हवेत सोडलेली बरी, कारण भिजलेल्या राजम्याला बॅगेतच मोड येतात. प्लास्टिकचे दाणे भरावेत.

मधल्या धुक्याचे गणित

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली की धुके म्हणतात. दृश्यमानता म्हणजे जिथे वस्तूचा मूळचा ठळकपणा केवळ दोन टक्के उरतो ते अंतर, अशी व्याख्या धरली तर पक्ष्यापर्यंतच्या अंतरात काय घडते याचा हिशेब मांडता येतो. दृश्यमानता २०० मीटर असताना २५ मीटरवरच्या पक्ष्याचा सुमारे ६० टक्के ठळकपणा आपल्यापर्यंत पोहोचतो, ५० मीटरवर ३८ टक्क्यांच्या जवळपास, आणि १०० मीटरवर जेमतेम १४ टक्के. दृश्यमानता ५०० मीटर झाली की ५० मीटरवरचा आकडा ६८ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे अंतर वाढत गेले की उरलेला ठळकपणा झपाट्याने घसरतो. धुक्यात मोठी लेन्स किंवा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचे, प्रतिमा मोठी करणारे भिंग) लावून दूरचा पक्षी जवळ आणण्याचा खटाटोप याच कारणाने फसतो: पक्षी मोठा होतो, पण त्याच्यासोबत तेवढेच धुकेही मोठे होते. शिवाय १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप (निम्मा) आणि २ पटीचा दोन स्टॉप (तीन-चतुर्थांश) प्रकाश खातो, जो त्या वेळी आधीच अपुरा असतो.

अंतर कमी करावे, परंतु पक्ष्यांकडे चालत किंवा होडी हाकत जाऊन नव्हे. थंडीत रात्र काढलेल्या बदकांना पहाटे उडवणे म्हणजे त्यांनी साठवलेली ऊर्जा वाया घालवणे आहे, आणि धुक्यात तर धोका उशिरा दिसल्यामुळे ते अधिकच बिचकून उडतात. त्यापेक्षा आपण आधी जाऊन एका जागी बसावे आणि जवळ येणाऱ्या पक्ष्यांवर भर द्यावा. पाण्याकाठच्या झुडपांतला शंकर, बांधावर शेपूट हलवणारा धोबी, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, वारकरी हे सगळे दहा-वीस मीटरवर येतात. गरुडांसारखे मोठे शिकारी पक्षी ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत बांधावर किंवा खुंटावर बसून राहतात, त्यामुळे धुक्याची सकाळ त्यांच्या दृष्टीने लांबलेलीच असते आणि ते एरवीपेक्षा उशिरापर्यंत बसलेले सापडतात. पावसाची सर येऊन गेल्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे हा तर हमखास मिळणारा विषय.

फोकस धुक्यात भटकतो याचेही कारण हेच ठळकपणाचे नुकसान आहे. कॅमेऱ्याची फोकस-यंत्रणा कडा शोधते. धुके कडाच पुसून टाकते. पक्षी आपोआप ओळखणाऱ्या सोयीला पुष्कळदा समोरच्या पाणकणसाची पातीच अधिक आकर्षक वाटते. अशा वेळी ती सोय बंद करून मधला एकच बिंदू किंवा लहान चौकट निवडावी, लेन्सवर अंतर-मर्यादेचे बटण असेल तर जवळचे अंतर वगळावे, आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घ्यावा, म्हणजे एकदा मिळालेला फोकस पुढच्या दाबाला निसटत नाही. बिंदू पक्ष्याच्या अंगावर न ठेवता जिथे गडद आणि उजळ भाग मिळतात अशा कडेवर ठेवावा; वारकऱ्याच्या पांढऱ्या कपाळपट्टीवर किंवा हळदी-कुंकू बदकाच्या चोचीच्या पिवळ्या टोकावर फोकस चटकन बसतो.

प्रकाशाच्या बाबतीत कॅमेरा धुक्याला फसतो. समोर दिसणारी मोठी उजळ जागा तो सरासरी करड्या रंगाची मानतो आणि फोटो काळपट घेतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) +०.७ ते +१.३ ठेवावे, उजळ धुक्यासमोर काळा वारकरी असेल तर आणखी थोडे वाढवावे, आणि काळपट झाडीसमोर पांढरा बगळा असेल तर उलट कमी करावे. मागच्या पडद्यावर डोळे ठेवून ठरवू नये, कारण पहाटेच्या अंधारात तो नेहमी गरजेपेक्षा उजळ भासतो, हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) पाहावा. फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्यावा. बसलेल्या पक्ष्याला १/५०० आणि उडत्या बदकाला १/१६०० च्या आसपास शटर ठेवून आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत जाऊ द्यावा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला सुधारता येत नाही.

घरी आल्यावर फोटो-संपादनातली धुके कमी करणारी ‘डीहेज’ची पट्टी शेवटपर्यंत ओढण्याचा मोह होतो. तिने धुक्यातून हरवलेली माहिती परत येत नाही. उरलेली ताणली जाते, आणि तिच्यासोबत दाणे आणि निळसर छटाही. वीस-पंचवीसच्या पुढे ती क्वचितच शोभते. त्याऐवजी धुक्याला फोटोत जागा द्यावी: पक्षी लहान ठेवून भोवतीची पाती, पाणी आणि खुंट चौकटीत घेतले, तर फिकेपणा दोष वाटत नाही.

पाऊस आलाच तर

कॅमेऱ्यावरच्या ‘वेदर सील्ड’ या शब्दांवर फार भिस्त ठेवू नये. आयपीएक्स७ दर्जाची दुर्बीण एक मीटर पाण्यात तीस मिनिटे टिकेल अशी चाचणी झालेली असते. कॅमेरा आणि लेन्स यांना असा दर्जा क्वचितच दिलेला असतो, आणि ओएम सिस्टिमच्या ओएम-१ ला असलेला आयपी५३ हाही उडणाऱ्या तुषारांपुरताच आहे. बॉडी सीलबंद आणि लेन्स साधी असेल तर माऊंटची फट उघडीच राहते. भुरभुर पावसात साधी प्लास्टिकची पिशवी पुरते, पण ती खालून मोकळी असावी. सगळीकडून आवळली तर आतच वाफ धरते. वाऱ्याकडे पाठ करावी, लेन्स बदलू नये, आणि झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या १५०-६०० सारख्या लेन्सची लांबी शक्यतो एकदा ठरवून तशीच ठेवावी, कारण नळी आत-बाहेर करताना ती ओली हवा, आणि नळीवर थेंब असतील तर पाणीही, आत ओढते. नळी आत घेण्याआधी पुसावी, एवढी एक गोष्ट तरी विसरू नये.

आत वाफ दिसली तर

पुढची काच दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर धुरकटपणा आतल्या काचेवर आहे असे दिसले, तर कॅमेरा बंद करावा, बॅटरी व कार्ड काढावे, लेन्स बॉडीपासून वेगळी करावी आणि दोन्ही ड्राय कॅबिनेटमध्ये (आर्द्रता कमी ठेवणाऱ्या कपाटात) किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ताज्या सिलिका जेलसह ठेवावे. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती सल्ला ऐकू नये. तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही आणि त्याची पूड फटींत जाते. हेअर ड्रायर आणि थेट कडक ऊनही नको. हलकी वाफ एक-दोन दिवसांत जाते. आत थेंब दिसत असतील, दोन दिवसांनंतरही वाफ तशीच असेल किंवा सुकल्यावर डाग राहिला असेल, तर सुरू करून पाहण्याचा प्रयोग न करता सेवा केंद्रात द्यावे.

सिलिका जेलचे खडे नारिंगीचे हिरवे किंवा निळ्याचे गुलाबी झाले की ते ओले झालेले असतात. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर रंग परतेपर्यंत तापवून ते पुन्हा वापरता येतात. डब्यात एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असावा. ६० च्या वर तो बराच काळ राहिला तर बुरशी धरू लागते, आणि ३० च्या खाली गेला तर रबरी सीले व वंगण सुकण्याचा धोका असतो. ओल्या सहलीनंतर बॅगही रिकामी करून उन्हात वाळवावी, कारण बॅगेचा स्पंज आठवडाभर ओलावा धरून ठेवतो. महिन्यातून एकदा लेन्सची दोन्ही झाकणे काढून, डायफ्रॅम (लेन्समधली प्रकाशाची झडप) पूर्ण उघडून मागच्या बाजूने बारीक टॉर्चचा उजेड तिरका टाकावा. धुळीचे सुटे ठिपके दिसले तर दुर्लक्ष करावे. कडेकडून आत सरकणारे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी असते, आणि ती काचेवरच्या लेपापर्यंत पोहोचण्याआधी साफ करून घ्यावी लागते.